अक्षरे अडतात कुठे? मुलांच्या अध्ययन अक्षमतेविषयी

‘मित्रांनी प्रार्थना म्हटली.’ बाईंनी श्रुतलेखनात हे वाक्य घातले आणि तिसरीतल्या मुलाने वहीत लिहिले : ‘मितरानी पराथना महटली.’ अशा ओळी मराठी शाळांतल्या कितीतरी वह्यांत सापडतात. बाई खाली लाल रेघ मारतात, ‘दहा वेळा लिही’ म्हणतात आणि पुढची वही उघडतात. मुलगा दहा वेळा लिहितो. अकराव्या वेळी पुन्हा तेच लिहितो.

ओळ जरा नीट पाहिली तर या चुकांना एक शिस्त आहे हे ध्यानात येते. ‘त्र’ आणि ‘म्ह’ ही जोडाक्षरे मुलाने सुटी करून टाकली. ‘प्रा’चा ‘परा’ केला. ‘र्थ’वरचा रफार गेला, ‘त्रां’वरचा अनुस्वार गळला. बाकीची व्यंजने क्रमाने आली आहेत, वेलांट्याही जागच्या जागी आहेत. म्हणजे वाक्य त्याने ऐकले, त्याला ते कळले, लक्षातही राहिले. दोन व्यंजने एकमेकांत मिसळतात तिथे मात्र आवाजाचे अक्षर करताना तो अडतो, आणि दर वेळी तिथेच अडतो. आळसाच्या चुका अशा एकाच जागी होत नाहीत.

पहिली-दुसरीत असे सगळीच मुले लिहितात. तिसरी-चौथीतही हे जात नसेल, पुरेसे शिकवूनही जात नसेल आणि बोलण्यात मूल इतरांच्या बरोबरीचे असेल, तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी लागते. पालकांच्या बोलण्यात ती ‘एलडी’ म्हणून येते. ही अडचण नेमकी कुठे असते, ती कशी शोधतात, कायदा काय देतो आणि शिकवताना काय करावे लागते, हे या लेखात क्रमाने पाहू.

वाचन उपजत येत नाही

बोलणे मूल आपसूक शिकते. त्यासाठी कोणी त्याला पाटीसमोर बसवत नाही. लिपी मात्र माणसाने जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी घडवली, त्यामुळे वाचनासाठी मेंदूत जन्मतः राखून ठेवलेली जागा नाही. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांच्या संशोधनातून असे दिसले की वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातला, डाव्या बाजूचा मागचा-खालचा एक तुकडा शिकताना अक्षरांच्या कामाला लागतो. आवाज हाताळणाऱ्या आणि अर्थ लावणाऱ्या भागांशी हा तुकडा जोडला गेला की मूल वाचू लागते.

‘कमळ’ हा शब्द नव्याने वाचणारे मूल तीन अक्षरे ओळखते, प्रत्येकाचा आवाज आठवते, ते आवाज क्षणभर मनात धरून ठेवते, एकत्र करते आणि मग ‘अरे, कमळ!’ असे त्याच्या डोक्यात पेटते. हेच पुरेशा वेळा घडले की पायऱ्या दिसेनाशा होतात आणि शब्द एका नजरेत कळतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, असलेल्या मुलाच्या बाबतीत या साखळीतली एक कडी कच्ची राहते. बहुतेकदा ती आवाजाची असते. बोललेला शब्द सुट्या ध्वनींचा बनलेला आहे हे कळणे आणि ते ध्वनी सुटे करता येणे, याला ध्वनिजाणीव म्हणतात. ती कमजोर असली की अक्षर आणि आवाज यांची गाठ घट्ट बसत नाही. काही मुलांना ओळखीच्या गोष्टींची नावे झरझर घेणेही जड जाते. त्यांचे वाचन अचूक झाले तरी संथ राहते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले : वाचून समजणे म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. हा गुणाकार असल्याने एक बाजू शून्य झाली तर उत्तरही शून्यच. म्हणून तोंडी सांगितलेली गोष्ट पात्रांसकट परत सांगणारे मूल तीच गोष्ट पुस्तकात वाचल्यावर गप्प बसते. त्याची दुसरी बाजू शाबूत आहे, पहिली अडली आहे.

याचा बुद्धीशी संबंध नाही, घरच्या संस्कारांशी नाही आणि आईने नोकरी करण्याशी तर मुळीच नाही. आनुवंशिकतेचा वाटा मात्र मोठा आहे. वडिलांना, मामाला किंवा आत्याला शाळेत वाचन जड गेले असेल तर मुलात ते येण्याची शक्यता बरीच वाढते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात डिस्लेक्सियाचे निदान झालेल्या पन्नास हजारांहून अधिक प्रौढांची जनुकीय माहिती तपासली गेली आणि जनुकसंचातल्या ४२ जागांचा संबंध आढळला. डिस्लेक्सियाचे असे एक जनुक नाही. लहान लहान परिणामांची बेरीज आहे.

पर्सी नावाचा मुलगा

‘डिस्लेक्सिया’ हे नाव १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने वापरात आणले, पण ते मेंदूला इजा झाल्याने वाचन हरवलेल्या मोठ्या माणसांसाठी. लहान मुलांकडे लक्ष गेले ते १८९६ मध्ये. इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ वर्षांच्या पर्सीची हकिगत लिहिली. मुलगा चलाख, खेळात पुढे, गणितात तरबेज. सातव्या वर्षापासून शिकवण्या असूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी आणि ती त्याच्या लक्षात येत नसे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत मॉर्गननी नोंदवले आहे.

पुढे ग्लासगोचे जेम्स हिन्शेलवूड आणि अमेरिकेतले सॅम्युएल ऑर्टन यांनी अशा मुलांचा अभ्यास केला. ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून आवाज, अक्षर आणि हाताची हालचाल एकत्र बांधणारी शिकवण्याची पद्धत उभी राहिली. आजच्या बऱ्याच पद्धतींचे मूळ तिच्यात आहे. १९६३ मध्ये शिकागोतल्या पालकांच्या एका परिषदेत सॅम्युएल कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्दप्रयोग मांडला. तोवर या मुलांना कोणी मतिमंद म्हणे, कोणी मेंदूला इजा झालेली म्हणे. नव्या नावाने ती वेगळी ओळखू येऊ लागली.

वाचन, लेखन, गणित

अडचण तीन रूपांत दिसते. वाचनातली ती डिस्लेक्सिया, लेखनातली डिसग्राफिया, गणितातली डिसकॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन किंवा तिन्ही असू शकतात, जोडीला चंचलता आणि लक्ष न टिकणे, म्हणजे एडीएचडीही असू शकते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार जगभरच्या वेगवेगळ्या भाषांतल्या शाळकरी मुलांमध्ये हे प्रमाण ५ ते १५ टक्के आहे. चाळीस मुलांच्या वर्गात निदान दोन तरी.

डिसग्राफियात अक्षर वेडेवाकडे, ओळ सोडून जाणारे, शब्दांमधले अंतर कमी-जास्त. फळ्यावरचे उतरवून घेईपर्यंत तास संपतो. उत्तर तोंडी विचारले तर सविस्तर मिळते, कागदावर दीड ओळ येते.

डिसकॅल्क्युलियात संख्येची जाणच पातळ असते. चार चिंचोके समोर ठेवले तर बहुतेक मुले न मोजता ‘चार’ म्हणतात. हे मूल एकेकावर बोट ठेवते. सात मोठे की नऊ, याला विचार करावा लागतो. हातचा कुठून आला हे दर वेळी नव्याने समजावावे लागते. मराठीत त्यात आणखी एक अडथळा आहे. ‘२५’ हा आकडा डावीकडून वाचताना आधी दोन येतात, पण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर थट्टा झाली. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी सांगितलेले कारण साधे होते : लहान मुलांना संख्यानामे अवघड जातात. ज्या मुलाची संख्येची जाण मुळातच कच्ची आहे, त्याला ही नावे किती जड जात असतील याचा विचार त्या गदारोळात फारसा झाला नाही.

देवनागरीत काय वेगळे घडते

डिस्लेक्सियावरचे बहुतेक संशोधन इंग्रजीवर झाले आहे आणि इंग्रजीचे स्पेलिंग बेभरवशाचे. मराठी ‘लिहिल्याप्रमाणे वाचतात’, म्हणून मराठीत डिस्लेक्सिया नसणार, असे काही जण समजतात. २००१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषक डिस्लेक्सिक विद्यार्थ्यांच्या मेंदूची वाचनावेळची हालचाल तपासली होती. इटालियन लिपी उच्चाराशी इमानी असल्याने ते विद्यार्थी कमी चुकत होते. मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग मात्र तिघांतही कमी काम करत होता. लिपी सरळ असली की चुका कमी होतात. वाचन संथ आणि दमवणारे राहते. मराठी माध्यमातले मूल म्हणूनच सहजासहजी पकडले जात नाही. ते वाचते, पण एकेक अक्षर उचलत.

शिवाय देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. इंग्रजीत २६ अक्षरे. आपल्याकडे चौतीस-पस्तीस व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर रूपे, आणि त्यानंतर जोडाक्षरे. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात ही अक्षरओळख चौथी-पाचवीपर्यंत चालूच राहते असे दिसले. म्हणजे पहिलीच्या अखेरीस ‘सगळी अक्षरे यायलाच हवीत’ ही अपेक्षाच गैरलागू आहे.

मात्रा अक्षराच्या चारही बाजूंनी येतात. काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली आणि ऱ्हस्व वेलांटी डावीकडे. ‘पिवळा’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारताना ‘प’ आधी म्हणायचा. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात नेमकी ही ऱ्हस्व वेलांटी वाचनाचा वेग कमी करते आणि लेखनात चुका वाढवते असे आढळले. ‘र’ची तऱ्हा त्याहून वेगळी : ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पायात, ‘राष्ट्र’मध्ये काकपदासारखा, ‘सुऱ्या’मध्ये वेगळाच. उच्चार तोच, आकार चार. उलट ‘चमचा’ आणि ‘चमचे’ यांत अक्षर तेच ‘च’, उच्चार दोन. ‘भ-म’, ‘घ-ध’, ‘थ-य’, ‘ब-व’ या जोड्या एका रेघेच्या फरकाने वेगळ्या. सरावलेल्या वाचकाला यातले काहीच खुपत नाही, म्हणून शिकवतानाही ते सुटे करून सांगायचे राहून जाते.

जे एलडी नव्हे

वाचता न येणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते, हे शिक्षकाने पक्के ध्यानात ठेवायला हवे. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत की ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. ही निम्मी मुले अध्ययन अक्षम असू शकत नाहीत. त्यांना पुरेसे शिकवलेले नाही. बीडच्या ऊसतोड कामगाराचे मूल आईवडिलांबरोबर फडावर जाते आणि त्याचे अर्धे वर्ष बुडते. मेळघाटातल्या मुलाच्या घरी कोरकू बोलतात आणि पाठ्यपुस्तक मराठीत येते. या मुलांना शाळा हवी, वेळ हवा, घरच्या भाषेतून मराठीकडे येण्याची वाट हवी. प्रमाणपत्राने त्यांचे काही भले होणार नाही.

डोळे आणि कान आधी तपासून घ्यायचे. नंबर न कळल्याने किंवा कान वाहत असल्याने मागे पडलेली मुले पुष्कळ असतात. मात्र चष्म्याचा नंबर नसताना रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम देऊन डिस्लेक्सिया बरा करण्याचे दावे कोणी केले तर पैसे वाचवा. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्रितपणे सांगितले की अशा उपायांना शास्त्रीय आधार नाही. अध्ययन अक्षमतेवर गोळी किंवा टॉनिकही नाही. जोडीला एडीएचडी असेल तर त्यासाठीची औषधे डॉक्टर देतात, ती बाब वेगळी.

मुलींकडे दुर्लक्ष होते हेही लक्षात ठेवावे. १९९० मध्ये सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी शाळांनी पाठवलेली मुले आणि स्वतः चाचण्या घेऊन शोधलेली मुले यांची तुलना केली. शाळांनी मुलगे कितीतरी जास्त पाठवले होते. चाचण्यांत मुलगे-मुलींत मोठा फरक दिसला नाही. दंगा करणारा मुलगा नजरेत भरतो, शेवटच्या बाकावर शांत बसलेली मुलगी वर्षानुवर्षे तशीच पुढे ढकलली जाते.

तपासणी कशी होते

बालवाडीत काही खुणा दिसतात. बोलायला उशीर, बडबडगीतातले यमक न पकडता येणे, रंगांची किंवा वारांची नावे पुन्हा पुन्हा विसरणे. पहिली-दुसरीत ‘का’मध्ये ‘क’ आणि ‘आ’ आहेत हे न उलगडणे, अक्षर आज आले आणि उद्या गेले असे होणे. तिसरीनंतर वाचन टाळणे, अंदाजाने शब्द ठोकणे, गृहपाठाच्या वेळी पोट दुखणे.

पहिली पायरी शाळेतली चाळणी. एनसीईआरटीने २०२२ मध्ये शिक्षकांसाठी ‘प्रशस्त’ हे ॲप आणले. त्यातल्या प्रश्नावलीवरून दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्व प्रकारांची प्राथमिक शंका नोंदवता येते. त्यावरून निदान होत नाही, पुढे पाठवायचे की नाही एवढे ठरते. खास वाचनासाठी हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने ‘डाली’ हा चाचणीसंच तयार झाला. २०१५ मध्ये आलेला हा संच हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठीत आहे. त्याचे महत्त्व असे की मराठी माध्यमातल्या मुलाचे वाचन इंग्रजी उताऱ्यावर तपासण्याची वेळ येत नाही.

पूर्ण तपासणीला दोन-तीन भेटी लागतात. बालरोगतज्ज्ञ मुलाचा जन्मापासूनचा इतिहास विचारतात, डोळे-कान तपासून घेतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक चाचणी घेतात. आपल्याकडे नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी अनेक ठिकाणी वापरली जाते. विशेष शिक्षिका मुलाकडून वाचून, लिहून, गणिते करून घेतात आणि त्याची पातळी इयत्तेच्या किती मागे आहे हे पाहतात. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेला चाचणीसंच यासाठी देशभर वापरात आहे. त्याचा पहिला स्तर ५ ते ७ वर्षांसाठी, दुसरा ८ ते १२ वर्षांसाठी. तपासणीला जाताना मुलाच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या, प्रगतिपुस्तके आणि शाळेचे पत्र बरोबर न्या. एका दिवसाच्या चाचणीपेक्षा जुन्या वह्या कधीकधी जास्त सांगतात.

अहवाल हाती आला की फक्त शेवटची ओळ वाचून फाइल बंद करू नका. कुठली कडी कच्ची आहे, कुठली पक्की आहे, हे अहवालाच्या मधल्या पानांत असते, आणि शिकवणाऱ्याला उपयोगी पडतात ती तीच पाने.

प्रमाणपत्र आणि सवलती

१९९५ च्या अपंगत्व कायद्यात अध्ययन अक्षमतेला जागा नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने तिला २१ प्रकारांत घेतले; कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. महाराष्ट्र मात्र याबाबतीत आधीच जागा झाला होता. नव्वदच्या दशकातच राज्याने दहावी-बारावीच्या परीक्षेत या मुलांना सवलती सुरू केल्या. मुंबईत शीव रुग्णालयात आणि पुढे केईएममध्ये तपासणीचे विभाग चालले, डॉ. सुनील करंदे यांचे या विषयावरचे संशोधन तिथलेच. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही १९९६ ची.

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होई. २०२४ मध्ये ही तत्त्वे सुधारली गेली, म्हणून जाण्याआधी रुग्णालयात चालू नियम विचारून घ्यावेत. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी अधिकृत सरकारी रुग्णालयात होते. खासगी तज्ज्ञाचा अहवाल शिकवण्याला उपयोगी पडतो. बोर्डाला अधिकृत प्रमाणपत्र लागते.

बोर्डाच्या सवलतींत तासाला वीस मिनिटे जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेऐवजी वेगळा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित असे पर्याय येतात. प्रत्येक मुलाला सगळ्या सवलती लागत नाहीत. ज्याची अडचण फक्त लेखनात आहे त्याने गणित सोडण्याचे कारण नाही. गणित सोडल्याने पुढे विज्ञान शाखेचे दार बंद होऊ शकते. सवलत कुठली घ्यायची हे आठवीतच ठरवा आणि शाळेच्या परीक्षांत तिचा सराव होऊ द्या. लेखनिकाला उत्तर सांगणे हेही शिकावे लागते. पहिल्यांदाच बोर्डाच्या पेपरला लेखनिक मिळाला तर मुलगा गडबडतो. राज्य मंडळ झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही रस्ता आहे. तिथे विषय निवडता येतात आणि एकेक करून देता येतात.

शिकवायचे ते असे

सवलतीने पेपर सुटतो, वाचन सुटत नाही. वाचनासाठी उपचारात्मक अध्यापन लागते. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली शेकडो अभ्यास चाळून पाच गोष्टींवर बोट ठेवले : ध्वनिजाणीव, अक्षर-आवाजाचा नियमबद्ध मेळ, ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन. या मुलांना त्या सुट्या करून, क्रमाने आणि भरपूर उजळणीसह शिकवाव्या लागतात. २००२ मधल्या एका छोट्या अभ्यासात डिस्लेक्सिया असलेल्या आठ मुलांना सुमारे ८० तास असे शिकवले. त्यांचे वाचन सुधारलेच, वाचताना मेंदूचा जो भाग आधी मंद होता त्याची हालचालही वाढली.

असा एक तास जवळून पाहू. विषय आहे ऱ्हस्व वेलांटी. पहिली दहा मिनिटे पुस्तक बंद. बाई म्हणतात, ‘कमळमधला क काढ.’ मूल म्हणते, ‘मळ.’ ‘मळच्या आधी उ लाव.’ ‘उमळ.’ दोघे हसतात, कारण असा शब्द नाही. पण काम झाले. मग ‘पि’ हळू म्हणायचे : प्, इ. प्रत्येक आवाजाला एक बटण पुढे सरकवायचे. आता रवा पसरलेल्या ताटात बोटाने ‘पि’ काढायचा, तोंडाने आवाज म्हणत. बाई उघड सांगतात, ‘ही वेलांटी आधी काढायची आणि नंतर म्हणायची. ही तिची खोड आहे.’ वेलांटी लाल, व्यंजन निळे. मग फक्त सहा शब्द : दिवा, किडा, पिवळा, शिडी, मिठाई, विहीर. त्यांतच दीर्घ वेलांटी कुठे लपली आहे ते शोधायचे. शेवटी त्याच शब्दांची दोन वाक्ये, तीनदा वाचायची. तिसऱ्यांदा वाचताना आवाज मोकळा होतो. तास संपतो तो मुलाला येणाऱ्या गोष्टीवर.

पुढच्या तासाला आधी हीच सहा शब्दांची उजळणी, मग नवीन. जोडाक्षरांतही क्रम असतो : आधी ‘चप्पल’, ‘अण्णा’ यांसारखी तेच अक्षर जोडणारी, मग ‘पुस्तक’सारखी आडवी जोडलेली, रकार-रफार त्यानंतर आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ सगळ्यांत शेवटी. आठवड्यातून दोन-तीन तास, शिवाय घरी रोज पंधरा मिनिटे, असे वर्ष-दोन वर्षे चालते. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ने अध्ययन अक्षमता घराघरांत पोचवली हे त्या चित्रपटाचे मोठे काम, पण त्यातल्या शिक्षकाला, निकुंभ सरांना, थोड्याच महिन्यांत जे साधले ते पडद्यावरचे वेळापत्रक आहे. खऱ्या मुलाला जास्त वेळ लागतो, आणि सहावी-सातवीत सुरुवात केली तर आणखी जास्त.

गणितात हेच तत्त्व. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे. दहा काड्यांचा गठ्ठा बांधून हातचा प्रत्यक्ष हातात द्यायचा. पाढे पाठ होत नसतील तर पाढ्यांचा तक्ता शेजारी ठेवून पुढचे गणित शिकवायचे. पाढ्यांसाठी सगळे गणित अडवून ठेवू नये.

वर्गशिक्षिकेकडे विशेष तासांसाठी वेळ नसतो, हे खरे. तरी काही गोष्टी विनाखर्चाच्या आहेत. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला न लावणे, फळ्यावरचे उतरवण्याऐवजी छापील टिपण देणे, एका प्रश्नाचे उत्तर तोंडी घेणे, शुद्धलेखनाचे गुण आणि आशयाचे गुण वेगळे मांडणे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांनी पत्र द्यावे आणि त्यांना शाळेत बोलवावे.

घरी वाचनाचा भार कानाकडे वळवता येतो. केंद्र सरकारची ‘सुगम्य पुस्तकालय’ ही २०१६ पासूनची ऑनलाइन लायब्ररी छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी ऐकता येतील अशी पुस्तके देते. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी फुकट आहेत, इयत्ता न पाहता मुलाला झेपेल ती पातळी निवडा. पुस्तके ऐकल्याने मुलाचा शब्दसंग्रह आणि जगाचे ज्ञान वाढत राहते. ते थांबले तर वाचन सुधारल्यावरही मूल मागेच राहील.

शेवटचे सांगणे पालकांना आणि शिक्षकांना सारखेच. वयाची अट प्रमाणपत्राला आहे, मदतीला नाही. पहिलीतल्या मुलाला ध्वनींचे खेळ शिकवायला कोणाचा शिक्का लागत नाही, आणि त्याला पुढे एलडी नाही असे निघाले तरी त्या खेळांनी त्याचे काही बिघडत नाही. आपल्याकडे रुग्णालयांच्या दारात गर्दी होते ती नववी-दहावीत, परीक्षा तोंडावर आल्यावर. तोवर मुलाची आठ-नऊ वर्षे ‘मठ्ठ’ हा शब्द ऐकण्यात गेलेली असतात. ‘मितरानी’ लिहिणारे मूल तुमच्या घरात किंवा वर्गात असेल, तर दहा वेळा लिहायला सांगण्याऐवजी ‘त्र’मध्ये कुठले आवाज आहेत ते त्याच्याशी बोला, आणि हे याच वर्षी करा.